थंड पाण्यासाठी ड्रायसूट घेताना

मालवण-तारकर्ली, गोवा किंवा मुर्डेश्वरहून नेत्राणी, एवढेच तुमचे डायव्हिंग असेल तर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा सूट, घेऊ नका. तिथे ३ मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे आत पाणी शिरू देणारा रबरी सूट, पुरतो; ड्रायसूट घातलात तर पाण्यात उतरण्याआधी बोटीतच घामाने निथळाल. हे पत्रक स्कॉटलंड, नॉर्वे, आइसलंडकडे निघालेल्यांसाठी आहे. आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेतले पाणी बारा महिने २ ते ४ अंश सेल्सिअस असते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब खेचते.

सूट कोरडे ठेवतो, ऊब आतल्या कपड्यांची

दुकानात पहिला प्रश्न येतो तो कापडाचा. ट्रायलॅमिनेट म्हणजे नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या मध्ये ब्युटिल रबराचा थर. पातळ, लवकर वाळणारा, बॅगेत सहज मावणारा. पण त्याची स्वतःची ऊब जवळजवळ शून्य. साध्या निओप्रीनला, म्हणजे फेसाळ रबराला, ऊब असते, ती त्यातल्या बुडबुड्यांमुळे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे दबतात आणि नेमकी गरज असते तिथे ऊब कमी होते, तरंगण्याची शक्तीही घटते. क्रश्ड निओप्रीन आधीच दाबलेले असल्याने त्यात हा फरक कमी पडतो, मात्र ते जड आणि वाळायला सावकाश. विमानाने जाऊन वर्षातून एखादी सहल करणाऱ्याला आम्ही ट्रायलॅमिनेटच सुचवतो.

मग पैसे वाचवायचे ते सूटच्या ब्रँडवर वाचवा, आतल्या सूटवर नको. १० अंशांच्या आसपास चौरस मीटरला २०० ग्रॅमचा फ्लीस चालतो. ५ अंशांखाली ४०० ग्रॅमचा किंवा थिन्सुलेट या ऊबदार कृत्रिम धाग्यांच्या अस्तराचा लागतो, आणि त्याच्या आत अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर. सुती बनियन अजिबात नको. ते घाम धरून ठेवते आणि डाइव्हच्या उत्तरार्धात हुडहुडी भरवते.

माप

शर्ट-पँटसाठी शिंप्याने घेतलेले माप फोनवर पाठवू नका. सर्वांत जाड आतला सूट आणि मोजे घालूनच माप द्यावे. सूट चढवल्यावर उकिडवे बसा, मग दोन्ही हात छातीवरून आडवे नेऊन खांदे धरा, शेवटी हात मानेमागे नेऊन टाकीचा व्हॉल्व्ह फिरवल्यासारखे करा. जांघेत ओढ बसली तर धड आखूड आहे. पाठीत ताण आला तर टाकीपर्यंत हात पोचणार नाही.

सैल सूट जास्त धोक्याचा. खोल जाताना छातीवरच्या व्हॉल्व्हमधून सूटमध्ये टाकीतली हवा भरतात; ती सोडण्याचा व्हॉल्व्ह डाव्या दंडावर असतो. जास्तीची हवा पायांकडे गेली की पाय वर, डोके खाली होते आणि हवा व्हॉल्व्हपर्यंत येतच नाही. वर जाताना ती फुगत राहते, पायातून फिन निसटतात, आणि माणूस वेगाने पृष्ठभागाकडे खेचला जातो. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ होणे हा उपाय पाण्यात जाण्याआधीच प्रशिक्षकाकडून शिकून घ्यायचा असतो. आधी प्रशिक्षण, मग खरेदी, हा क्रम बरा. सिल्फ्रासारख्या ठिकाणी ड्रायसूटचा अनुभव किंवा प्रमाणपत्र विचारतातच.

सील, झिप, होज

मान आणि मनगटाशी पाणी अडवणाऱ्या पट्टीला सील म्हणतात. नवे लेटेक्सचे (पातळ रबराचे) सील मानेला घट्ट असते. आरशासमोर पाच मिनिटे घालून बसा. चेहरा लाल झाला किंवा गरगरले तर लगेच काढा. मानेतल्या धमनीवर दाब पडला की नाडी मंदावते आणि शुद्धही जाऊ शकते. कापून सैल करण्याआधी सील रात्रभर स्टीलच्या गुळगुळीत डब्यावर ताणून ठेवून बघा. तरीही आवळले तर एका वेळी सीलवरची एकच रेघ, धारदार मोठ्या कात्रीने, न थांबता कापा. कडेला राहिलेला लहानसा दातराही पुढे फाटत जातो. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर सिलिकॉन घ्या, पण त्याला खरचटलेलेही सहन होत नाही.

मनगटाचे सील हाडाच्या वर, हाताच्या नळीसारख्या भागावर बसवावे. मूठ आवळली की मनगटाच्या आतल्या बाजूला स्नायूंच्या दोन दोऱ्या ताठ उभ्या राहतात आणि त्यांच्यामधल्या खाचेतून पाणी आत येते. सूट गळका म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांनी आधी हे तपासावे.

पाठीवरची पितळी झिप लावायला दुसरा माणूस लागतो, छातीवरची तिरकी झिप स्वतः लावता येते. पितळी झिपच्या दातांना बाहेरून मेण घासा; प्लास्टिकच्या झिपला फक्त टोकाशी सिलिकॉन ग्रीस. सिलिकॉनचा स्प्रे कुठेही मारू नका, पुढे सील चिकटवताना गोंद धरत नाही. छातीवरच्या व्हॉल्व्हला हवा आणणाऱ्या होजचे (नळीचे) कनेक्टर दोन प्रकारचे असतात. रेग्युलेटर (टाकीला जोडून श्वास घेण्याचे उपकरण) भाड्याने घेणार असाल तर कोणता मिळणार ते आधी विचारा.

वजने

खाली जाता यावे म्हणून बांधायची शिशाची वजने इतकी हवीत, की टाकीत ५० बार (दाबाचे एकक) हवा उरली असताना ५ मीटरवर स्थिर थांबता आले पाहिजे. १२ लिटरची टाकी २०० वरून ५० बारवर येताना सुमारे २ किलो हवा संपते, म्हणून भरल्या टाकीवर केलेली तपासणी फसवते. सिल्फ्राचे पाणी गोडे आहे. सामानासकट १०० किलोच्या माणसाला समुद्रापेक्षा तिथे सुमारे अडीच किलो कमी लागतात.

घरी आल्यावर

गोड्या पाण्याने धुऊन आधी बाहेरून, मग उलटा करून आतून वाळवा. ऊन नको, पंखा पुरे. बेळगावच्या पावसाळ्यात तो दमट कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. फ्रीज किंवा पाण्याच्या पंपाजवळही नको, मोटारीच्या ठिणग्यांतून निघणाऱ्या ओझोनने लेटेक्स तडकते. सीलला बिनवासाची टाल्कम पावडर लावा. ट्रायलॅमिनेटला भोक पडले तर सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन लावू नका; जागेवर पेनने खूण करून सूट कोरडा करून आमच्याकडे आणा.