‘सेव्हन सीटर’ म्हणजे सात माणसं अधिक सामान?

लग्नसराई आली की हा मेसेज फिरतोच: “सात सीटची गाडी घ्या, अख्खं घर सामानासकट मावतं.”

अर्धं खरं आहे. सात जण बसतात, पण तिसरी रांग उभी केली की मागे डिकी उरते किती, ते बघा. रेनोच्या ट्रायबरमध्ये ८४ लिटर, मारुतीच्या अर्टिगात २०९. ८४ लिटर म्हणजे दोन-तीन पाठीवरच्या सॅक, बस्स. कंपनी मोठा आकडा छापते तो बहुधा तिसरी रांग दुमडून किंवा काढून. अर्टिगाचे तेच २०९ मग ५५० होतात, पण तेव्हा माणसं पाचच.

दुसरी गोष्ट वजनाची. सात जण सरासरी ६५ किलोचे धरले तरी ४५५ किलो झाले, वर बॅगा. माहितीपुस्तिकेत गाडीचं एकूण अनुमत वजन आणि रिकामं वजन दिलेलं असतं. दोन्हींची वजाबाकी करा. तेवढाच भार चालतो. भरल्या गाडीने साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना पहिल्या-दुसऱ्या गिअरला का यावं लागतं, तेही कळेल.

शोरूमला जाताना घरची सर्वांत मोठी बॅग न्या. तिसरी रांग उभी ठेवून डिकी लावून बघा. मग घरातल्या उंच माणसाला मागे दहा मिनिटं बसवा. आमच्याकडे मामा बसले, गुडघे छातीला. “जवळ पालीला जाईन, लांब कोल्हापूरला नाही,” म्हणाले.

मुलं मागे बसणार असतील आणि सात जण वर्षातून दोनदाच होत असतील, तर छोटी सात सीटचीच गाडी घेऊन टपावर कॅरिअर लावणं मला तरी परवडणारं वाटतं. कॅरिअरवरचं वजनही त्या वजाबाकीतच धरायचं.