पहाटेचे राग आणि 'सवाई'चा मांडव

'आजवर ऐकलेली सगळ्यांत चांगली मैफल कोणती?' पुण्यात साठी ओलांडलेल्या एखाद्या कानसेनाला हे विचारलं, तर उत्तरात आधी वेळ येते. 'पहाटेचे साडेचार झाले असतील...' मग राग, मग गायकाचं नाव, आणि साल जमलं तर शेवटी. ऐकणारे अनेक, मैफली अनेक, पण आठवणी फिरून फिरून रात्रीच्या त्याच टोकाला येतात. यामागे शास्त्रीय संगीताच्या, एकेकाळी रात्रभर चालणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाचा इतिहास आहे.

कुंदगोळच्या रामभाऊ कुंदगोळकरांना महाराष्ट्र सवाई गंधर्व म्हणून ओळखतो. ते किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. नाटकाची रंगभूमी त्यांनी गाजवली आणि पुढे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर यांना तालीम दिली. एक हुबळीची, एक गदगचा, एक मुंबईचा पारशी, आणि तिघांचा षड्ज, म्हणजे 'सा', एकाच गुरूकडून आलेला. जानेवारी १९४६मध्ये पुण्यात हिराबागेत गुरूंच्या साठीचा समारंभ झाला. तिथे विशी ओलांडलेला भीमसेन गायला आणि जाणकारांचं लक्ष त्याच्याकडे वळलं. १२ सप्टेंबर १९५२ रोजी सवाई गंधर्व गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात गाणं झालं. आर्य संगीत प्रसारक मंडळ, गुरूंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि भीमसेनजी यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं.

पुण्यतिथीला गाण्याची रीत त्याआधीचीच. खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथे उरुसाला, चिंचेच्या झाडाखाली, कलावंत येऊन हजेरी लावतात. 'हजेरी' हाच शब्द तिथे वापरतात आणि तो मला फार योग्य वाटतो. त्या गाण्याला बिदागीचा हिशेब नसतो, ती सेवा असते. सवाईची भावनाही तीच. मोठमोठे कलावंत 'सवाईत गायलो' असं सांगतात तेव्हा त्यात देवळाच्या ओवरीत बसून गायल्यासारखा सूर असतो.

रीत जुनी असली तरी ऐकणाऱ्यांचा जमाव मात्र नवा होता. त्याआधीच्या पिढ्यांचं गाणं दरबारात, वाड्यात, यजमानांच्या दिवाणखान्यात चालायचं. गायक विष्णू दिगंबर पलुसकरांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली, आणि गाणं चारचौघांसाठी खुलं झालं. खाँसाहेबांची कन्या हिराबाई बडोदेकर बायकांसाठी ही वाट मोकळी करणाऱ्यांत आघाडीवर होत्या. सवाईच्या मांडवात या सगळ्याची बेरीज दिसायची. कारकून, शिक्षक, डॉक्टर, कोकणातून एसटीने आलेले पेटीवादक, कॉलेजातली मुलं, सगळे एकाच सतरंजीवर.

जागाही बदलत गेली. रेणुका स्वरूप शाळेचं मैदान, मग बरीच वर्षं रमणबाग, आणि आता मुकुंदनगरचं महाराष्ट्रीय मंडळाचं संकुल. पण आठवणीतला 'सवाई' म्हटला की बहुतेकांना रमणबागच दिसते. डिसेंबरची थंडी, अंगावर शाल, डोक्याला मफलर, पिशवीत थर्मास आणि डब्यात धपाटे. भारतीय बैठकीवर जागा धरायला दुपारीच चादर पसरायची आणि शेजारच्या कुटुंबाला 'जरा बघा हं' म्हणून चहाला जायचं. तीन रात्री अशा निघायच्या. शेवटच्या रात्रीचं सत्र दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत चालायचं.

आता त्या पहाटेकडे येतो. आपल्या रागांना वेळ असते. दरबारी मध्यरात्रीच्या आसपासचा, मालकंस त्याच्या पुढचा, सोहनी रात्र सरताना, ललत सूर्योदयाआधी, मग भटियार, रामकली आणि उजाडल्यावर तोडी. संध्याकाळी सहाला सुरू होऊन नऊला संपणाऱ्या सभागृहातल्या कार्यक्रमात यांतला एकही राग त्याच्या घरी भेटत नाही. रात्रभराच्या मांडवात तो भेटायचा. मधल्या प्रहरात निम्मे लोक पेंगत असत, काही सरळ आडवे झालेले. मंचावर दोन तानपुरे जुळवायला घेतले जात. एकाची खर्जाची तार किंचित उतरलेली असे. खुंटी पिळून, तारेतला मणी सरकवून ती चढवत. दोन्ही तानपुरे एक झाले की मांडवात एक गुंजन भरे आणि त्यानेच माणसं जागी होत. कुणी हाका मारत नसे. मग ललतचे दोन मध्यम, शुद्ध आणि तीव्र, एकमेकांना खेटून लागत, आणि बाहेर आभाळ फटफटायला लागलेलं असे. हे ज्याने ऐकलं त्याची 'सर्वोत्तम मैफल' तीच ठरणार. तिथे गायकाच्या गळ्याइतकाच वाटा त्या घटकेचा असतो.

शेवटी भीमसेनजी बसत. रात्रभर यजमान म्हणून राबलेला, कलावंतांची ने-आण पाहिलेला हा माणूस सकाळी स्वरमंचावर येऊन तोडी लावायचा. दस्तूरजींना खाँसाहेबांनी गाजवलेल्या चीजेची फर्माईश व्हायची आणि ते गाताना गुरूच्या गुरूचा गळा मांडवात फिरायचा. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर, जसराज असे सगळे इथून गेले. कुणाला मन्सूरांचा एखादा अनवट राग आठवतो, कुणाला किशोरीताईंची सूर लागेपर्यंतची शांतता. त्यांच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

मग कायदा आला. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. पुढे सवलत मिळाली ती वर्षातल्या मोजक्या दिवशी बारा वाजेपर्यंतची, तीही परवानगी घेऊन. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम कडक पाळायला सांगितले. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. दवाखान्यातला रोगी आणि परीक्षेचा विद्यार्थी यांनाही रात्र हवी असते. पण फटाक्यांच्या आणि लाउडस्पीकरच्या गोंगाटासाठी केलेल्या नियमात तानपुराही सापडला आणि एका महोत्सवाचे सहा-सात राग एका फटक्यात गेले, याचं दुःख मला आजही आहे.

त्या बदल्यात दुपार मिळाली. सत्रं आता दुपारपासून सुरू होतात, दिवस वाढले. त्यामुळे शुद्ध सारंग, भीमपलासी, मुलतानी, मारवा हे राग वेळेवर ऐकायला मिळतात. एकेकाळी हेच राग मागे पडले होते. आज पंचविशीतल्या श्रोत्याला विचारलं तर तो उन्हात पापण्या मिटून ऐकलेला सारंग सांगतो. त्याची आठवणही तितकीच खरी आहे, फक्त तिचा प्रहर वेगळा.

२४ जानेवारी २०११ रोजी भीमसेनजी गेले. महोत्सवाच्या नावात आता गुरूसोबत शिष्यही आहे, 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव'. समारोपाचा मान पुढे बरीच वर्षं डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे होता, त्याही जानेवारी २०२४मध्ये गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात महोत्सव तोंडावर असताना तबलावादक झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, गेल्याची बातमी आली.

एक गोष्ट मात्र टिकून आहे. शेवटचं गाणं संपलं की सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, 'बिन देखे परे नाही चैन'. लोक चपला शोधायचे थांबतात, उभ्या उभ्या ऐकतात. ती भैरवी आहे, सकाळची रागिणी. पूर्वी ती वाजायची तेव्हा मांडवात ऊन आलेलं असायचं. आता रात्रीचे दहा वाजत आलेले असतात.