ओटीपी ‘वापरला गेला’ आणि ‘सांगितला’ यांतला फरक

खात्यातून पैसे गेल्याची तक्रार घेऊन माणूस शाखेत पोहोचला, की त्याला बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो: ओटीपी कुणाला सांगितला होता का? उत्तर ‘हो’ आले, की तक्रारीतला जीवच जातो. एका प्रश्नाला एवढे वजन कसे आले, हे समजायला रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक पाहावे लागते.

त्याआधीचे थोडक्यात. कार्डाची काळी पट्टी आणि पावतीवरची सही एवढ्यावर दुकानातले व्यवहार चालत तेव्हा चोरी म्हणजे पट्टीची नक्कल. एटीएमच्या फटीत बसवलेले यंत्र पट्टी वाचून घेई आणि लपवलेला कॅमेरा पिन टिपे. ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील खरेदीसाठी कार्डावर न छापलेली आणखी एक खूण मागणे सक्तीचे झाले; ओटीपी घरोघरी पोहोचला तो याच वाटेने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ सी लागू झाले. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख अप्रामाणिकपणे वापरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. चोराला शिक्षा झाली, तरी गेलेले पैसे कुणी भरायचे, हे त्या कलमात नाही. २०१६ मध्ये सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचे उघड झाले, पाठोपाठ नोटबंदी आली आणि ज्यांनी कधी कार्ड काढले नव्हते तेही डिजिटल व्यवहारात ओढले गेले. भरपाईचा नियम आता टाळता येण्यासारखा राहिला नव्हता.

२०१७ चा नियम वाचला तर ग्राहकाच्या बाजूचा आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार शून्य, त्याने कळवले असो वा नसो. चूक दोघांचीही नसून तिसरीकडेच असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवल्यास भार शून्य. संदेश मिळाला तो दिवस यात धरत नाहीत. कामकाजाच्या ४ ते ७ दिवसांत कळवल्यास भाराला मर्यादा: मूलभूत बचत खात्याला ५ हजार, साध्या बचत खात्याला १० हजार. तक्रार झाल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. तक्रार नोंदवताच क्रमांक आणि वेळ ग्राहकाला मिळाली पाहिजे. तो क्रमांक हाती घेतल्याशिवाय फोन ठेवू नये, कारण दिवस मोजायची वेळ आली की दुसरा पुरावा नसतो.

अडचण ‘निष्काळजीपणा’ या शब्दाची आहे. ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यासारख्या निष्काळजीपणाने नुकसान झाले, तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. त्याच परिपत्रकात असेही आहे, की ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. प्रत्यक्षात हे दुसरे वाक्य विसरले जाते. नोंदीत ‘ओटीपी बरोबर टाकला’ एवढे दिसले, की तो ग्राहकानेच दिला असे गृहीत धरले जाते. हे चुकीचे आहे. चोराने दुसऱ्याच्या क्रमांकाचे नवे सिम आपल्याकडे काढून घेतले तर ओटीपी थेट त्याच्या हातात पडतो. खऱ्या मालकाचा फोन फक्त मुका होतो. लग्नपत्रिका किंवा थकलेले बिल म्हणून आलेली फाईल उघडली आणि तिने मागितलेल्या परवानग्या दिल्या, तर आलेले संदेश परस्पर दुसरीकडे जातात. दोन्हीत ओटीपी वापरला गेला, पण ग्राहकाने कुणाला सांगितला नाही. ‘केवायसी संपली’ या फोनला घाबरून आकडे वाचून दाखवणाऱ्या वृद्धालाही पिन कार्डावर लिहून ठेवणाऱ्याच्या रांगेत बसवणे मला पटत नाही, पण नियमाच्या शब्दांत तो सापडतो, हे मान्य करावे लागते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील एका जुन्या सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून, नकली कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून आणि इतर मार्गाने मिळून सुमारे ९४ कोटी काढले गेले. त्यात कुणाही खातेदाराने काहीही सांगितले नव्हते. पुढे २०२० मध्ये नवे कार्ड फक्त देशातील एटीएम आणि दुकानापुरते सुरू ठेवून बाकीचे वापर ग्राहकाने हवे तेव्हा उघडायचे, असा नियम आला. ऑक्टोबर २०२२ पासून खरेदीच्या संकेतस्थळांना कार्डाचा क्रमांक साठवणे बंद झाले. आधी १५५२६० आणि नंतर १९३० हा मदतक्रमांक आला. तिथे लगेच कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, रात्र गेली की माग पातळ होतो.

२०२४ मध्ये उच्च न्यायालयाने एका कंपनीचे ७६ लाखांहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला, तो २०१७ च्या याच नियमावर बोट ठेवून. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या निर्देशांनी एसएमएसच्या ओटीपीपलीकडच्या खुणांनाही वाट करून दिली आहे, आणि हे निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झाले तर पूर्ण भरपाई कार्ड किंवा खाते देणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. हे निर्देश ओळख पटवण्याच्या रीतीपुरते आहेत. ‘निष्काळजीपणा’ कशाला म्हणायचे, हे त्यात ठरवलेले नाही.