बागेसाठी ‘आरक्षित’ आणि वन म्हणून ‘राखीव’

नव्या इमारतीच्या जाहिरातीत कुठे ‘समोर बागेचं आरक्षण’ असतं, कुठे ‘मागे राखीव वन’. फ्लॅट घेणारा दोन्हींचा अर्थ एकच लावतो: इथे टॉवर उठणार नाही. बागेच्या आरक्षणावर हा भरवसा मुदतीपुरताच ठेवावा. राखीव वनावर तो बराच ठेवता येतो, पण तिथे फिरायला जायचा हक्क आपोआप मिळत नाही.

आरक्षण येतं 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातून, म्हणजे एमआरटीपीतून. महापालिका विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर बाग, मैदान, शाळा असा शिक्का मारते. जमीन तेव्हा बहुतेकदा मालकाचीच असते, पालिकेने ती अजून घ्यायची असते. मुंबईच्या 2034 च्या आराखड्यात मोकळ्या जागेचा कोड ‘ईओएस’ने सुरू झाला तर जागा अस्तित्वात आहे, ‘आरओएस’ने सुरू झाला तर व्हायची आहे. नकाशावरचा हिरवा तुकडा पाहून खूश होण्याआधी ही अक्षरं वाचावीत. त्या हिरव्या तुकड्यावर आज चाळ, गॅरेज किंवा झोपडपट्टी असू शकते.

कलम 126 नुसार पालिका ही जमीन तीन वाटांनी घेऊ शकते: वाटाघाटीने पैसे देऊन, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) किंवा एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) देऊन, नाहीतर सक्तीच्या भूसंपादनाने. टीडीआरमध्ये तिजोरीला हात लावावा लागत नाही, म्हणून पालिकेला ती वाट सोयीची. भूखंडावर अतिक्रमण असेल तर मात्र तिथेच घोडं अडतं.

खरी मेख कलम 127 मध्ये आहे. आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक हक्काची कागदपत्रं जोडून पालिकेला ‘जमीन खरेदी करा’ अशी नोटीस देऊ शकतो. तिथून 24 महिने मोजले जातात. (ही मुदत आधी 6 महिने होती, मग 12 झाली, 2015 पासून 24 आहे.) तेवढ्यात संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते इथेही बांधता येतं. ‘पावलं’ म्हणजे काय, यावर गिरनार ट्रेडर्स खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने कडक अर्थ लावला: नुसता ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र पुरेसं नाही, संपादनाची रीतसर घोषणा निघायला हवी. बागा हातच्या जातात त्या बहुधा याच 24 महिन्यांत. मोजणी, मूल्यांकन, पालिकेची सुधार समिती, निधी अशा फेऱ्यांत फाइल फिरत राहते आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. मुंबईचा सध्याचा आराखडा 1 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, तेव्हा त्यात पहिल्यांदाच आलेल्या आरक्षणांची 10 वर्षं 2028 मध्ये भरतील. मागाहून मंजूर झालेल्या भागांच्या तारखा वेगळ्या.

मुदत न संपताही आरक्षण आकसतं. मोकळ्या जागेच्या आरक्षणावर झोपडपट्टी असेल, तर 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर पुनर्वसन योजनेत किमान 35 टक्के जागा मोकळी ठेवून उरलेल्या भागावर बांधता येतं. आराखड्यात 2,000 चौरस मीटरचं मैदान दिसतं, हाती येतं कधीकधी 700.

राखीव वनाचा कायदा निराळा, 1927 चा भारतीय वन अधिनियम. कलम 4 ची अधिसूचना निघते ती फक्त इराद्याची. मग वन जमाबंदी अधिकारी दावे मागवतो, त्यासाठी किमान 3 महिने द्यावे लागतात. हक्कांचा निवाडा झाल्यावर कलम 20 ची अधिसूचना निघते आणि तेव्हाच वन ‘राखीव’ होतं. गोरेगावच्या आरे वसाहतीतली सुमारे 800 एकर जमीन राखीव करण्याची घोषणा 2020 साली झाली, तेव्हा अनेकांनी काम फत्ते झालं असं धरलं. पण पाड्यांवरच्या आदिवासींचे हक्क ठरवणं हा कलम 4 आणि 20 यांच्यामधला सगळ्यात नाजूक टप्पा असतो.

एकदा राखीव झालेलं वन मुदत संपली म्हणून सुटत नाही. राखीव दर्जा काढायला किंवा जमीन वनेतर कामासाठी वळती करायला 1980 च्या वन संवर्धन कायद्याने केंद्राची पूर्वपरवानगी लागते. तीही मिळते म्हणा, ठाणे-बोरिवली जुळा बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातूनच जातो आहे.

आत जाण्याचं काय? राखीव वनात परवानगी नसेल ते सगळं निषिद्ध, संरक्षित वनात मनाई नसेल ते सगळं चालतं, हा वन कायद्यातला ढोबळ फरक. कलम 26 खाली राखीव वनात विनापरवाना शिरणं, गुरं चारणं, आग लावणं हे गुन्हे आहेत. पायवाटा, तिकीट, बस हे सगळं बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वन विभागाने ठरवून दिलेल्या भागापुरतंच असतं. पालिकेची बाग झाली की तिथे मात्र कोणीही जाऊन बसावं. दाट झाडी म्हणजे वन, हाही गैरसमजच: कागदावर वन नसलेल्या जागेतली झाडं पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात, आणि उघडं माळरानही राखीव वन असू शकतं.

तपासायचं असेल तर जमिनीचा भूमापन क्रमांक (मुंबई उपनगरात सीटीएस नंबर, शहरात सीएस नंबर) घेऊन पालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे त्या जागेबद्दल विकास आराखड्यात काय आहे याचा दाखला, काढा. त्यात आरक्षण, झोन आणि रस्तारुंदी कळते. वनाचा दर्जा त्यात दिसेलच असं धरू नका. त्यासाठी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना, मिळकत पत्रिका आणि राजपत्रातली अधिसूचना पाहावी लागते. मुलुंड-भांडुप पट्ट्यात इमारती उभ्या राहून लोक राहायला आल्यावर सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ नोंद चढली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सुटका करेपर्यंत हजारो घरांचे व्यवहार अडकले होते.

आरक्षण बदलण्याचा घाट कलम 37 खाली घातला गेला, तर हरकती मागवणारी सूचना राजपत्रात येते. मुदत असते 1 महिना. हरकतीत भूखंडाचा क्रमांक, आरक्षणाचा कोड आणि त्या वॉर्डात दुसरी मोकळी जागा कुठे आहे हे लिहा आणि पोच घ्या.