कलम १०१ ची नोटीस जामीनदाराच्या नावावर आली तर

"सर, फक्त एक सही." परभणीकडच्या कुठल्याही झेडपी शाळेत हे वाक्य ऐकलं नाही असा गुरुजी सापडणं अवघड. पतसंस्थेच्या कर्जाच्या फॉर्मवर जामीनदाराच्या सहीच्या जागी पेन्सिलीची फुली असते, रकमेचा रकाना कोरा. तो आधी भरून घ्या, फोटो काढा, मग पेन उचला.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ जामीनदाराला कर्जदाराइतकंच जबाबदार धरतं. "आधी त्याची जमीन विका" हे म्हणणं सहसा टिकत नाही.

हप्ते थकले की पतसंस्था किंवा नागरी बँक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात वसुली दाखल्यासाठी (थकबाकी वसूल करायचा अधिकार देणारा कागद) अर्ज करते. नोटीस तुम्हालाही येते. ती नाकारू नका. दिलेल्या तारखेला जाऊन लेखी म्हणणं द्या. सोबत नोटिशीची प्रत, आधार कार्ड, जामीनपत्र, कर्जखात्याचा उतारा आणि असतील त्या भरणा पावत्या जोडा. जामीनपत्र नि उतारा संस्थेकडे लेखी मागा, पोच घ्या. सही माझी नाही किंवा हिशोब चुकलाय, हे मुद्दे कागद दाखवून मांडता येतात. मला न विचारता अटी बदलल्या, हाही मुद्दा आहे (करार कायदा, कलम १३३), पण छापील जामीनपत्रात बहुधा तो हक्क आधीच सोडून दिलेला असतो.

दाखला निघालाच, तर दोन महिन्यांत त्याच अधिनियमाच्या कलम १५४ खाली विभागीय सहनिबंधकांकडे पुनरीक्षण अर्ज (दाखला पुन्हा तपासा, अशी मागणी) करता येतो. मराठवाड्यात ही कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि लातूरला आहेत. मात्र येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, आणि गाडं इथंच अडतं.

आता पगार. सभासदाने कपातीचं संमतीपत्र दिलं असेल तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे संस्थेच्या पत्रावर कार्यालय पगारातून कपात करतं. म्हणून पगार काढणाऱ्या कार्यालयात जाऊन तुमच्या सहीचं संमतीपत्र खरंच आहे का, ते डोळ्यांनी बघा. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर पगार जप्त झाला, तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. म्हणजे ३१,००० पगारावर १०,००० पर्यंतच जप्ती.

पैसे भरलेच, तर पावतीवर "जामीनदार म्हणून भरणा" असं लिहून घ्या. कर्जदाराकडून ते वसूल करायचा हक्क करार कायद्याची कलम १४० आणि १४५ देतात, पण कोर्टात पहिल्यांदा मागतात ती हीच पावती.