बोगनवेलीला पाणी लागतच नाही?

बोगनवेल, तरवड, निरगुडी, कण्हेर अशी काटक झुडपे एकदा लावली की त्यांना पाणी घालावेच लागत नाही, हा नाशिकच्या बंगल्यांच्या आवारांत वर्षानुवर्षे ऐकू येणारा समज अर्धाच खरा आहे. पाण्याचा ताण सोसण्याची ताकद खोलवर गेलेल्या मुळांतून येते, आणि रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची मुळे पिशवीतल्या मूठभर मातीतच गुंडाळलेली असतात. त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेले रोपही पुढच्या उन्हाळ्यात वाळू शकते. पहिली एक-दोन वर्षे पाणी द्यावेच लागते.

मात्र रोज संध्याकाळी पाइपने वरवर शिंपडणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्याने फक्त वरचा थर भिजतो आणि मुळे तिथेच घुटमळतात. त्याऐवजी फांद्यांच्या घेराएवढे आळे करून पाणी सावकाश मुरू द्यावे आणि पुढची पाळी खुरप्याने वीतभर उकरून पाहिल्यावरच ठरवावी. काळ्या मातीचा मुठीत ओलसर गोळा होत असेल, तर थांबावे. ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात मुळे कुजण्याची भीती असते. उन्हाळ्यात तीच भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. पालापाचोळ्याचे आच्छादन तेव्हा उपयोगी पडते, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नये.

जुन्या, रुजलेल्या बोगनवेलीला मात्र पाणी जास्त झाले, तर नुसता पाला माजतो आणि बहर कमी येतो. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्याने तिची छाटणी हातमोजे घालूनच करावी.