भोर समिती ते फुले योजना: उपचाराचे पैसे कोणी भरायचे?

शिधापत्रिका पिवळी असो, केशरी असो की पांढरी, राज्यातील प्रत्येक कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये घेतला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. मात्र सर्वांना उपचार मिळावेत आणि त्यांचा भार सरकारने उचलावा ही कल्पना याहून सुमारे ८० वर्षे जुनी आहे. आणि पैसा कोठून आणायचा या प्रश्नाला तेव्हा दिलेले उत्तर आजच्या उत्तरापेक्षा वेगळे होते, ही बाब सध्याच्या वादात सहसा कोणी काढत नाही.

ऑक्टोबर १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली. भोर मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. सनदी सेवेत मोठी पदे भूषवून ते निवृत्त झाले होते. समितीच्या सदस्यांत बिधानचंद्र रॉय यांच्यासारखे डॉक्टर होते, तसे नारायण मल्हार जोशी यांच्यासारखे कामगार पुढारीही होते. १९४६ मध्ये सादर झालेल्या चार खंडांच्या अहवालाचे पायाभूत तत्त्व असे की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेला मुकता कामा नये. सुरुवातीच्या टप्प्यात ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे आणि सरकारी डॉक्टरांनी पूर्णवेळ पगारावर काम करावे, खासगी व्यवसाय करू नये, अशाही शिफारशी त्यात होत्या.

पैशाबाबत समितीने संदिग्धता ठेवली नव्हती. बहुसंख्य जनता इतकी गरीब आहे की तिच्याकडून शुल्क घेण्यात अर्थ नाही. म्हणून सेवा सर्वांना भेदाभेद न करता मोफत द्यावी आणि ज्यांना परवडते त्यांनी आपला वाटा सर्वसाधारण व स्थानिक करांच्या रूपाने द्यावा, असे तिचे म्हणणे होते. सेवा कायमची मोफत ठेवायची की पुढे विम्याची योजना आणायची, याचा अंतिम निर्णय मात्र तिने भावी सरकारांवर सोपवला. भावी सरकारांनी हा निर्णय एकदाच बसून कधी घेतला नाही. तो तुकड्यातुकड्यांनी होत गेला.

पहिला तुकडा कारखान्यातल्या कामगारांचा होता. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा प्रा. भा. पुं. आडारकर यांनी १९४४ मध्येच सादर केला होता. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून ती चालते. सध्या मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेतले. १९५४ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र आरोग्य योजना आली. ज्याच्या पगारातून कपात करता येते त्याची सोय अशी आधी लागली. शेतमजूर, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया यांच्या वाट्याला करांतून चालणारे प्राथमिक केंद्र राहिले, आणि आरोग्य हा विषय घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवलेला असल्याने त्या केंद्राची अवस्था राज्याच्या तिजोरीवर अवलंबून राहिली. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे येथे तंतोतंत लागू पडले.

सरकारी रुग्णालय दुबळे होत गेले तसतशी खासगी रुग्णालये वाढली. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी सरकारी रुग्णालयात जाणाऱ्यांचे प्रमाण १९८६-८७ मध्ये सुमारे ६० टक्के होते. १९९५-९६ पर्यंत ते ४५ टक्क्यांच्या आसपास घसरले. महाराष्ट्रात यावर एक वेगळा उपाय आधीपासून कागदावर होता. सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या आणि सरकारी सवलती घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटांवर निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के खाटांवर दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात उपचार द्यायचे, अशी ती तरतूद. तिला धार आली ती २००६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेमुळे. त्यानुसार रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा करावी लागते. म्हणजे पैसे भरणारा रुग्ण न भरणाऱ्याचा खर्च काही अंशी उचलतो, हे या योजनेत उघडपणे मान्य केलेले आहे.

विम्याचा मार्ग रुळला तो त्यानंतर. १९९७ मध्ये महाराष्ट्राने हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या मोठ्या आजारांसाठी दारिद्र्यरेषेखालील रुग्णांपुरती जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली होती. २००७ मध्ये आंध्र प्रदेशात ‘आरोग्यश्री’ ही सरकारी विमा योजना आली आणि खासगी रुग्णालयातली शस्त्रक्रिया सरकारच्या पैशाने होऊ शकते हे मतदारांनी प्रत्यक्ष पाहिले. प्राथमिक केंद्रात वेळेवर मिळालेल्या रक्तदाबाच्या गोळीची अशी चर्चा गावभर होत नाही. २०११ मध्ये डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने नियोजन आयोगाला नेमका उलट सल्ला दिला: मुख्य आधार करांचा ठेवा, रुग्णांकडून शुल्क घेऊ नका, सेवा खरेदी करण्यासाठी विमा कंपन्यांना मध्ये घेऊ नका. हा अहवाल ताजा असतानाच, २ जुलै २०१२ रोजी, महाराष्ट्राने विमा कंपनीला हप्ता भरून चालणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती आणि उपचारांची संख्या ९७१. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची ५ लाखांची प्रधानमंत्री जनआरोग्य योजना (आयुष्मान भारत) आली, जिचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटला जातो, आणि एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या.

या एकत्रित योजनेचा दरवाजा म्हणजे रुग्णालयातला आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णांना योजनेत मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, टेबल. शिधापत्रिका आणि आधारची झेरॉक्स, डॉक्टरांचे निदान, मग ऑनलाइन पूर्वमंजुरी, आणि ती आली की ठरलेल्या पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचाराच्या आधीच ठरवलेल्या एकूण दरात, शस्त्रक्रिया. रुग्णालयांची तक्रार पॅकेजचे दर कमी असल्याची आणि पैसे उशिरा मिळत असल्याची. जनआरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांचा आक्षेप असा की सार्वजनिक पैसा खासगी रुग्णालयांकडे वळतो आणि सरकारी दवाखाना होता तिथेच राहतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण त्याहून मोठी उणीव अशी की ही पॅकेजे दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. मधुमेहाची रोजची गोळी, रक्ततपासणी, बाह्यरुग्ण विभागातून ‘हे बाहेरून आणा’ म्हणून हातात पडणारी चिठ्ठी यांत मोडत नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या पदरमोडीचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. यातले दुसरे वर्ष कोविडचे असल्याने तेव्हा सरकारी खर्च फुगलेला होता, हे लक्षात ठेवूनच ही घट वाचायला हवी. तरीही त्या वर्षी आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ साठी ठेवलेले लक्ष्य २.५ टक्क्यांचे होते.

पांढऱ्या शिधापत्रिकेच्या मध्यमवर्गाची तक्रार निराळी होती: कर आम्ही भरायचा, विम्याचा हप्ताही आम्हीच भरायचा आणि त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेचे निवेदन जोडून नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले, तेव्हा हा प्रश्न संसदेपर्यंत गाजला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील हा कर अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. या तक्रारीत एक गोष्ट मात्र गाळली जाते. साबण, चप्पल, मोबाइलचे रिचार्ज यांवरचा कर शेतमजूरही भरतोच.

भोर समितीच्या उत्तराच्या सर्वांत जवळ जाणारे पाऊल महाराष्ट्राने या सगळ्या गाजावाजाच्या कडेला उचलले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह सर्व उपचार मोफत झाले. जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक केंद्र त्यात आले. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये आणि महापालिकांची रुग्णालये वेगळ्या खात्यांखाली असल्याने त्या निर्णयाबाहेर राहिली, आणि गंभीर रुग्णाला जिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवले जाते ते बहुधा तिकडेच.